इ.स.पू. ४८० : इतक्या घटना एकाच वर्षात घडल्या, हे ठरवले कसे?

रानवाटा (प्रश्न)

नमस्कार. आमच्या वाचनगटासाठी मी प्राचीन जगाचा एक तक्ता तयार करत आहे. प्रत्येक पानावर एकच वर्ष घ्यायचे आणि त्या वर्षात निरनिराळ्या प्रदेशांत काय चालले होते ते शेजारी शेजारी मांडायचे, अशी त्यामागची योजना आहे. पहिल्या पानासाठी मी इ.स.पू. ४८० हे वर्ष निवडले, कारण एवढ्या घटनांची दाटी झालेले दुसरे वर्ष मला सापडले नाही.

त्या वर्षीच्या वसंतात इराणचा सम्राट झर्क्सिस सार्डिसहून निघाला, नौकांच्या पुलांवरून त्याच्या सैन्याने हेलेस्पाँटची सामुद्रधुनी ओलांडली आणि आथोसच्या द्वीपकल्पात मुद्दाम खणून घेतलेल्या कालव्यातून त्याचे आरमार पुढे सरकले. उन्हाळ्याच्या अखेरीस थर्मोपिलीच्या खिंडीत स्पार्टाचा राजा लिओनिडास धारातीर्थी पडला आणि त्याच दिवसांत आर्टेमिसियमच्या समुद्रात दोन्ही आरमारे तीन दिवस झुंजली. मग अथेन्स रिकामे झाले, अ‍ॅक्रोपोलिसवरची मंदिरे जळाली आणि काही आठवड्यांतच सालामिसच्या चिंचोळ्या पाण्यात इराणी आरमाराचा पराभव झाला. याच वर्षी सिसिलीत हिमेरा येथे सिराक्यूज या ग्रीक नगराचा सत्ताधीश गेलॉन याने उत्तर आफ्रिकेतील कार्थेजच्या सैन्याचा धुव्वा उडवला, आणि ती लढाई सालामिसच्या लढाईच्याच दिवशी झाली असे ग्रीक इतिहासकार हिरोडोटस नोंदवतो.

माझे प्रश्न तीन आहेत. ग्रीकांची सर्वांना मान्य अशी एकच कालगणना त्या काळी नव्हती, तर हे वर्ष ४८० च होते, ४८१ किंवा ४७९ नव्हे, हे कशाच्या आधारे ठरले? दोन लढाया एकाच दिवशी झाल्या, या विधानावर कितपत विश्वास ठेवावा? आणि तक्त्यातील रोम, चीन व भारत या रकान्यांत ‘इ.स.पू. ४८०’ या मथळ्याखाली प्रामाणिकपणे काय लिहिता येईल?

कालमापक

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देतो, कारण पुढच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्यावरच अवलंबून आहेत.

अथेन्समध्ये वर्षाला क्रमांक नसे. त्या वर्षीच्या मुख्य आर्कॉनच्या, म्हणजे वर्षभरासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याच्या नावाने वर्ष ओळखले जाई. हिरोडोटसने आपल्या प्रदीर्घ कथनात असा उल्लेख फार क्वचित केला आहे, पण नेमका येथे केला आहे. हेलेस्पाँट ओलांडण्यात इराण्यांचा एक महिना गेला, तेथून अ‍ॅटिकात, म्हणजे अथेन्सच्या भोवतालच्या प्रदेशात, पोहोचायला आणखी तीन महिने लागले, आणि ते पोहोचले तेव्हा कॅलिआडीस आर्कॉन होता, असे तो लिहितो. पुढे सिसिलीचा डायोडोरस आपला वर्षवार इतिहास लिहिताना कॅलिआडीसच्या वर्षापासून एकेका आर्कॉनचे नाव क्रमाने देत जातो. त्याच्या ग्रंथाचा हा भाग सुदैवाने सलग उरला असल्यामुळे कॅलिआडीसपासून इ.स.पू. ३०२ पर्यंतची नामावली आपल्यासमोर अखंड उभी राहते.

ही नामावली आपल्या कालगणनेला बांधली जाते ती आकाशातील घटनांनी. अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातील पेलोपोनेशियन युद्धाच्या पहिल्या उन्हाळ्यात सूर्यग्रहण झाल्याचे इतिहासकार थ्युसिडिडीस सांगतो. गणिताने ते ३ ऑगस्ट ४३१ या दिवसाचे ठरते. सिराक्यूजच्या वेढ्यातील ज्या चंद्रग्रहणाने अथेन्सच्या सैन्याचे प्रस्थान लांबले, ते २७ ऑगस्ट ४१३ चे. या दोन खुंट्या पक्क्या रोवल्या गेल्या की तेथून आर्कॉन मोजत मागे जाता येते, आणि कॅलिआडीसचे वर्ष ४८०–७९ येते. ऑलिंपियाडची, म्हणजे दर चार वर्षांनी होणाऱ्या ऑलिंपिक सामन्यांवरून केलेली, गणना यापेक्षा वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी पोहोचते. पहिली ऑलिंपियाड ७७६ ची धरली, तर पंचाहत्तरावी ४८० च्या उन्हाळ्यात पडते, आणि डायोडोरस झर्क्सिसची स्वारी पंचाहत्तराव्या ऑलिंपियाडमध्येच ठेवतो. त्या वर्षीचे ऑलिंपिक सामने युद्धाच्या ऐन धामधुमीत झाले, हेही आपल्या तक्त्यात अवश्य घ्यावे. थासॉस बेटाच्या थिआजेनिसने तेथे मुष्टियुद्धात लोक्रीच्या युथिमसला हरवले, पण त्या झुंजीने तो इतका थकला की पँक्रॅशन या कुस्ती व मुष्टियुद्ध मिळून होणाऱ्या स्पर्धेत तो उतरू शकला नाही आणि त्याबद्दल त्याला दंड झाला.

आता एक महत्त्वाची सूचना. आर्कॉनचे वर्ष उन्हाळ्याच्या मध्यास सुरू होई. आपल्याकडे सरकारी आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते आणि म्हणून आपण २०२४–२५ असे जोडवर्ष लिहितो, तसाच हा प्रकार आहे. त्यामुळे झर्क्सिस वसंतात सार्डिसहून निघाला तेव्हा अथेन्समध्ये कॅलिआडीसच्या आधीच्या हिप्सिकिडीसचे वर्ष चालू होते. सालामिसची लढाई कॅलिआडीसच्या वर्षात झाली आणि पुढच्या उन्हाळ्यातील प्लॅटियाची लढाई त्याच्या नंतरच्या आर्कॉनच्या वर्षात गेली. डायोडोरस मात्र हेलेस्पाँटच्या पुलांपासून सालामिसपर्यंत सारे एकाच मथळ्याखाली दडपून बसवतो. आपले पान जानेवारी ते डिसेंबर असे असेल, तर प्राचीन ग्रंथकारांचे पान आपल्या पानाशी तंतोतंत जुळत नाही, हे वाचकांना सुरुवातीलाच सांगावे.

वर्षाच्या आतल्या तारखांसाठीही एक ग्रहण फार उपयोगी पडते. स्पार्टाचा क्लिओम्ब्रोटस कोरिंथच्या संयोगभूमीवर आडवी भिंत बांधणाऱ्या सैन्याचे नेतृत्व करत होता. इराण्यांवर चालून जावे की नाही, यासाठी बळी देऊन कौल घेत असताना आकाशातील सूर्य काळवंडला, आणि म्हणून तो सैन्य घेऊन परत फिरला, असे हिरोडोटस सांगतो. २ ऑक्टोबर ४८० रोजी ग्रीसमध्ये खंडग्रास सूर्यग्रहण दिसले होते, हे गणिताने निश्चित आहे. इराणी सैन्य माघारी वळल्याशिवाय त्याच्यामागे जाण्याचा विचार क्लिओम्ब्रोटसच्या मनात येणे शक्य नव्हते. म्हणजे सालामिसची लढाई २ ऑक्टोबरच्या आधी, बहुधा सप्टेंबरच्या उत्तरार्धात झाली. थर्मोपिलीबाबत मात्र मतभेद टिकून आहेत. स्पार्टाचा कार्निया उत्सव आणि ऑलिंपिक सामने या दोन्हींमुळे ग्रीकांनी मोजकीच फौज पुढे पाठवली होती; ते उत्सव ऑगस्टच्या पौर्णिमेचे मानावेत की सप्टेंबरच्या, यावर तारीख महिन्याभराने मागे-पुढे होते.

हाच हिरोडोटस आणखी एका ग्रहणाची हकीकत देतो. सैन्य सार्डिसहून निघाले त्या क्षणी निरभ्र आकाशातून सूर्य नाहीसा झाला आणि दिवसाची रात्र झाली, असे तो लिहितो. पण ४८० च्या वसंतात सार्डिसहून दिसेल असे एकही सूर्यग्रहण झालेले नाही. आसपासच्या एखाद्या वर्षातील ग्रहणाची आठवण स्वारीच्या प्रारंभाला अपशकुन म्हणून येऊन चिकटली असावी. एकाच लेखकाचे एक ग्रहण आपण स्वीकारतो आणि दुसरे बाजूला ठेवतो, हे वाचकांना मनमानीचे वाटेल; परंतु पहिले ग्रहण गणिताशी आणि घटनाक्रमाशी जुळते, दुसरे गणितातच बसत नाही, आणि पारखण्याचा याहून चांगला मार्ग आपल्या हाती नाही.

भूमध्य

कालमापक यांचे विवेचन वाचून समाधान वाटले. हिमेराच्या प्रश्नावर मी लिहितो, कारण सिसिलीचा हा रकाना बहुतेक तक्त्यांत एका ओळीत उरकला जातो आणि ते मला खरोखर खटकते.

आधी ‘एकाच दिवशी’ या विधानाचे पाहू. हिरोडोटस हिमेरा आणि सालामिस एकाच दिवशी झाल्याचे लिहितो, पण ती सिसिलीतील लोकांची सांगी म्हणून. डायोडोरस स्वतः सिसिलीचा. तो हिमेराचा दिवस थर्मोपिलीच्या दिवसाशी जोडतो. थर्मोपिली आणि सालामिस यांच्यात काही आठवड्यांचे अंतर असल्यामुळे या दोन परंपरांपैकी किमान एक चुकीची आहे, आणि दोन्हीही चुकीच्या असण्याची शक्यता मला अधिक वाटते. सिराक्यूजच्या राजघराण्याला हा योग जुळवून घेण्याचे मोठे कारण होते. झर्क्सिसविरुद्ध मदत मागण्यासाठी ग्रीक दूत गेलॉनकडे गेले, तेव्हा त्याने २०० ट्रायरीम (तीन रांगांत वल्ही असलेल्या युद्धनौका) आणि २०,००० जड पायदळ देऊ केले, पण सेनापतिपद आपल्याकडे असावे अशी अट घातली. स्पार्टाने ती नाकारली आणि मदत मिळाली नाही. उलट त्याने कॅडमस नावाच्या आपल्या माणसाला तीन नौका आणि पुष्कळ द्रव्य देऊन डेल्फीला बसवले. झर्क्सिस जिंकला तर ते द्रव्य व शरणागती त्याला द्यायची आणि ग्रीक जिंकले तर सारे परत आणायचे, अशी त्याला आज्ञा होती. अशा घराण्याला पुढे ‘आम्हीही त्याच दिवशी रानटी शत्रूपासून ग्रीकांना वाचवत होतो’ असे म्हणता येणे किती मोलाचे होते, हे वेगळे सांगायला नको. दहा वर्षांनी गेलॉनचा भाऊ हिएरॉन याच्या रथविजयासाठी कवी पिंडारने जे स्तोत्र रचले, त्यात सालामिस, प्लॅटिया आणि हिमेरा एकाच ओघात येतात.

अ‍ॅरिस्टॉटलने याबाबत फार नेमका विचार मांडला आहे. काव्यशास्त्रावरील आपल्या ग्रंथात, एकाच काळी घडलेल्या घटनांचा परिणाम एकच असतो असे नाही, हे समजावताना तो उदाहरण देतो ते सालामिसच्या नाविक लढाईचे आणि सिसिलीतील कार्थेजविरुद्धच्या लढाईचे. त्या सुमारास दोन्ही झाल्या, पण त्यांचा रोख एका साध्याकडे नव्हता, असे त्याचे म्हणणे. आपल्या तक्त्याच्या संदर्भात हे विधान मला सर्वात महत्त्वाचे वाटते. झर्क्सिस आणि कार्थेज यांनी संगनमत करून पूर्वेकडून व पश्चिमेकडून एकाच वेळी हल्ला केला, अशी कथा डायोडोरस देतो. हिरोडोटसला अशा कराराची वार्ता नाही. त्याच्या मते हिमेराचा हुसकावलेला सत्ताधीश टेरिलस याने कार्थेजच्या हॅमिल्करला मदतीला बोलावले, कारण अ‍ॅक्रागासच्या थेरॉनने त्याचे नगर हिसकावून घेतले होते. सिसिलीतील ग्रीक सत्ताधीशांचे आपापसातील वैर हे कारण पुरेसे आहे. त्यासाठी इराणच्या दरबारापर्यंत जाण्याची गरज नाही.

हिमेराबद्दल अलीकडच्या उत्खननांनी जे समोर आणले, ते मात्र प्राचीन ग्रंथकारांच्या पलीकडचे आहे. लोहमार्गाच्या कामाच्या निमित्ताने तेथील पश्चिमेकडच्या दफनभूमीचे मोठे उत्खनन झाले आणि शस्त्रांच्या जखमा असलेल्या तरुण पुरुषांच्या सामूहिक कबरी सापडल्या. काही कबरी ४८० च्या लढाईच्या, तर काही ४०९ मध्ये कार्थेजने नगर उद्ध्वस्त केले तेव्हाच्या आहेत. दातांमधील स्ट्रॉन्शियमच्या परीक्षणावरून माणूस कोणत्या भूमीत वाढला याचा अंदाज बांधता येतो. ४८० च्या गटातील तपासलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश माणसे हिमेराच्या परिसरात वाढलेली नव्हती. ४०९ च्या गटात हेच प्रमाण सुमारे एक चतुर्थांश निघाले. पहिल्या वेळी बाहेरची मदत आली आणि दुसऱ्या वेळी ती पुरेशी आली नाही, हे ग्रंथांतूनही दिसत होते. पण पुढे झालेल्या जनुकीय अभ्यासात ४८० च्या कबरींतील काहींचे मूळ बाल्टिक, कॉकेशस आणि मध्य आशियाच्या दिशेला जाणारे आढळले. ग्रीकांच्या विजयाच्या कथेत या भाडोत्री सैनिकांना जागाच मिळालेली नाही. माझी विनंती अशी, की सिसिलीच्या रकान्यात गेलॉन आणि हॅमिल्कर यांच्या नावांखाली या अनामिक माणसांसाठी दोन ओळी अवश्य ठेवाव्यात.

रानवाटा

दोघांचेही मनःपूर्वक आभार. एक उपप्रश्न विचारतो. हे सारे पुरावे ग्रीक बाजूचे आहेत. इराणी बाजूने त्या वर्षाची काही नोंद उरली आहे का? आणि भारताच्या रकान्याबद्दल कोणी लिहील का?

इष्टिका

इराणी बाजूबद्दल थोडक्यात लिहिते. ग्रीसवरील स्वारीचे वर्णन करणारा एकही इराणी लेख उपलब्ध नाही. झर्क्सिसच्या अमलाखालील देशांची यादी देणारा पर्सेपोलिसचा शिलालेख आहे. त्यात समुद्राकाठचे आणि समुद्रापलीकडचे यवन येतात, तसेच हिंदुश आणि गंधार हेही येतात, पण तो लेख कोणत्याही एका वर्षाचा इतिहास सांगत नाही. पर्सेपोलिसच्या खजिन्यातील मृत्तिकापट्ट इ.स.पू. ४९२ ते ४५७ या काळातील आहेत, म्हणजे हे वर्ष त्यांच्या मुदतीत येते. त्यांचा विषय मात्र कारागिरांना आणि कामगारांना दिलेले वेतन हा आहे. बाबिलोनमध्ये प्रत्येक व्यवहाराच्या पट्टावर राजाचे वर्ष, महिना आणि दिवस लिहिण्याची पद्धत होती; त्या हिशेबाने ४८० च्या वसंतात झर्क्सिसचे सहावे वर्ष सुरू झाले. आपल्या तक्त्यात ‘कॅलिआडीसचे वर्ष’ यासोबत ‘झर्क्सिसचे सहावे वर्ष’ असे लिहिल्यास एकच काळ दोन राज्यांत कसा मोजला जात होता हे वाचकांना सहज दिसेल.

अथेन्सच्या जाळपोळीचा पुरावा मात्र जमिनीत स्पष्ट आहे. एकोणिसाव्या शतकातील उत्खननात अ‍ॅक्रोपोलिसवर भग्न मूर्ती, जळके दगड आणि मृत्पात्रांचे तुकडे पुरलेले सापडले. अथेन्सच्या लोकांनी परतल्यावर हा भंगलेला ठेवा भरावात पुरला होता. त्या काळातील ग्रीक मूर्ती आणि रंगवलेली भांडी कोणत्या दशकातील, हे ठरवताना अभ्यासक या थराचा आधार घेतात. येथेही एक काळजी घ्यावी लागते. अथेन्स दोनदा उद्ध्वस्त झाले : ४८० मध्ये झर्क्सिसच्या हातून आणि ४७९ मध्ये त्याचा सेनापती मार्डोनियस याच्या हातून. कोणता तुकडा कोणत्या वेळी फुटला हे थरावरून सांगता येत नाही, त्यामुळे पुरातत्त्वज्ञ ४८०–७९ असेच लिहितात.

सप्तसिंधू

भारताचा रकाना हा या पानातील सर्वात अवघड रकाना आहे, आणि तो रिकामा ठेवण्याचा मोह मलाही समजू शकतो; तरीही तेथे एक निश्चित गोष्ट लिहिता येते.

सिंधू खोऱ्यातील हिंदुश आणि वायव्येकडील गंधार हे प्रदेश त्या वेळी इराणच्या हखामनी साम्राज्यात (झर्क्सिसच्या घराण्याच्या राज्यात) होते. हिंदुशकडून दरवर्षी ३६० टॅलंट सोन्याची रज येत असे, असे हिरोडोटस नोंदवतो. झर्क्सिसच्या सैन्याची गणना करताना तो भारतीयांचे जे वर्णन करतो, ते मला अतिशय मोलाचे वाटते. त्यांचे कपडे झाडापासून मिळणाऱ्या लोकरीचे, म्हणजे कापसाचे होते. धनुष्ये बोरूची आणि बाणही बोरूचे, पण बाणांची टोके लोखंडाची होती. त्यांचा सेनापती आर्टाबेटिसचा मुलगा फार्नझाथ्रिस हा होता. गंधारचे लोक बॅक्ट्रियाच्या पद्धतीची शस्त्रे घेऊन वेगळ्या तुकडीत होते. भारतीय घोडदळही होते, आणि रथांना घोड्यांबरोबर रानगाढवेही जुंपलेली होती. सालामिसनंतर झर्क्सिस परतला, तेव्हा मागे राहणाऱ्या मार्डोनियसने जी निवडक पथके ठेवून घेतली त्यांत भारतीय पायदळ आणि घोडदळ होते. म्हणजे ४८० चा हिवाळा या माणसांनी थेसलीत काढला आणि पुढच्या वर्षी ती प्लॅटियाच्या मैदानात उभी राहिली. हिरोडोटसचे सैन्यसंख्येचे आकडे, विशेषतः १७ लाख पायदळाचा आकडा, आज कोणीही अक्षरशः घेत नाही. तुकड्यांच्या वेशभूषेचे वर्णनही त्याने कोठून मिळवले यावर चर्चा होते. परंतु सिंधूकाठची माणसे त्या वर्षी एजियन समुद्राच्या काठापर्यंत गेली होती, हे नाकारण्याचे कारण मला दिसत नाही.

भारताच्या आतील घटनांकडे वळलो की वर्ष हाती लागत नाही. मगधात अजातशत्रूचे राज्य त्या सुमारास होते असे पुस्तकांत वाचायला मिळते, पण ती सारी गणना बुद्धाच्या परिनिर्वाणाच्या वर्षावर टांगलेली आहे, आणि ते वर्षच निश्चित नाही. श्रीलंकेच्या परंपरेत ते इ.स.पू. ५४४ येते; परिनिर्वाणानंतर २१८ वर्षांनी अशोकाचा राज्याभिषेक झाला या नोंदीवरून अशोकाच्या ज्ञात काळापासून मागे मोजले तर ४८३ च्या आसपास येते; दरवर्षी एकेक बिंदू काढत ठेवलेल्या आणि चीनमध्ये जपलेल्या नोंदीवरून ४८६ येते; आणि अनेक आधुनिक अभ्यासक ते इ.स.पू. ४०० च्या आसपास आणतात. पहिले मत मानले तर इ.स.पू. ४८० मध्ये बुद्धाला जाऊन साठ वर्षे लोटली होती. शेवटचे मानले तर तो या वर्षी जन्मलेला असेल किंवा नसेलही. म्हणून ‘इ.स.पू. ४८० : मगधात अमुक झाले’ असे वाक्य तक्त्यात लिहू नये, असे माझे ठाम मत आहे.

उत्खननाने ही उणीव भरून निघेल का, असा विचार मनात येतो. दुर्दैवाने हे वर्ष किरणोत्सारी कार्बनच्या दृष्टीने सर्वात गैरसोयीच्या काळात पडते. वातावरणातील कार्बनच्या प्रमाणातील चढ-उतारांमुळे साधारण इ.स.पू. ८०० ते ४०० या संपूर्ण पट्ट्यातील नमुने जवळजवळ सारखीच मापे देतात आणि एकाच नमुन्याचे वय कित्येक शतकांच्या पट्ट्यात पसरते. विदर्भातील माहुरझरी, जुनापाणी, नायकुंड येथील शिलावर्तुळे उभारणारे लोक इ.स.पूर्व पहिल्या सहस्रकात लोखंड वितळवत होते, घोडे पाळत आणि पुरत होते. आपल्या महाराष्ट्राविषयी एवढे खात्रीने म्हणता येते, पण त्यांतील एखादे वर्तुळ ४८० चे असे म्हणता येत नाही. तरीही तक्त्यात त्यांना ‘या शतकांत’ अशा वेगळ्या खुणेने जागा द्यावी, कारण वर्ष मोजून लिहून ठेवणारा लेखक मिळाला नाही म्हणून त्या लोकांचे जगणे कमी खरे ठरत नाही.

कालमापक

सप्तसिंधू यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. रोम आणि चीन राहिले आहेत, म्हणून ते लिहितो.

रोमच्या प्रचलित गणनेनुसार ४८० हे मार्कस फेबियस आणि ग्नेयस मॅन्लियस यांच्या कॉन्सुलपदाचे वर्ष. त्या वर्षी व्हेई या एट्रुस्कन नगराशी मोठी लढाई झाली. रोमचा विजय झाला, पण मॅन्लियस आणि फेबियसचा भाऊ क्विंटस दोघेही पडले, आणि म्हणून फेबियसने विजययात्रा नाकारली, अशी परंपरा रोमन इतिहासकार लिव्ही देतो. मात्र डायोडोरस कॅलिआडीसच्या वर्षासमोर रोमचे कॉन्सुल म्हणून स्पुरियस कॅसियस आणि प्रॉक्युलस व्हर्जिनियस यांची नावे देतो, आणि प्रचलित गणनेत हे दोघे ४८६ चे आहेत. म्हणजे रोमच्या यादीत आणि ग्रीक यादीत येथे सहा वर्षांचा फरक पडतो. रोमच्या रकान्यात ‘परंपरेनुसार’ हा शब्द अनिवार्य आहे.

चीनची स्थिती याहून पुष्कळ चांगली आहे. लू राज्याच्या इतिवृत्तात राजाचे वर्ष, ऋतू आणि महिना देऊन नोंदी केल्या जात आणि त्यांतील बहुसंख्य सूर्यग्रहणे आजच्या गणिताशी जुळतात. त्यामुळे आय या राजाचे पंधरावे वर्ष म्हणजे इ.स.पू. ४८० हे समीकरण भक्कम आहे. त्या वर्षी वेई राज्यात सत्तेसाठी बंड झाले. कन्फ्यूशियसचा जुना शिष्य त्झलू तेथे चाकरीत होता. नगराबाहेर पडणाऱ्यांनी परत फिरण्याचा सल्ला दिला असतानाही, ज्याचे अन्न खाल्ले त्याच्या संकटातून पळणार नाही, अशा अर्थाचे उत्तर देऊन तो आत गेला आणि मारला गेला. लढताना त्याच्या टोपीचे बंद तुटले, ते त्याने मरता मरता पुन्हा बांधले, असे पारंपरिक वृत्तांत सांगतो. पुढच्याच वर्षी, ४७९ मध्ये, कन्फ्यूशियसचाही मृत्यू झाला. त्झलूचे मरण आणि लिओनिडासचे मरण एकाच वर्षातले आहे. या दोन घटनांचा एकमेकींशी काहीही संबंध नाही हे मी जाणतो, तरी त्या एका पानावर शेजारी आलेल्या पाहताना माझे मन हेलावते.

आणखी एक व्यावहारिक बाब सांगतो. इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येते, मध्ये शून्य वर्ष नाही. ग्रीसने थर्मोपिलीच्या २,५०० वर्षांच्या स्मरणार्थ २०२० मध्ये २ युरोचे नाणे काढले, पण काटेकोर हिशेबाने २,५०० वर्षे २०२१ मध्ये पूर्ण झाली. खगोलगणिताच्या कोष्टकांत शून्य वर्ष धरतात, त्यामुळे तेथे हेच वर्ष उणे ४७९ असे दिसेल.

रानवाटा

फारच समृद्ध माहिती मिळाली. शेवटचा प्रश्न : अथेन्स रिकामे करण्याचा मूळ ठराव दगडावर कोरलेला सापडला आहे असे वाचले. तो त्या वर्षाचा अस्सल दस्तऐवज मानून तक्त्यात छापावा का?

इष्टिका

तो दगड अथेन्ससमोरच्या समुद्रापलीकडील ट्रोझेन नगरात सापडला आणि १९६० मध्ये त्याचा पाठ प्रसिद्ध झाला. आता तो अथेन्सच्या शिलालेख संग्रहालयात आहे. अथेन्सचा नेता थेमिस्टोक्लिस याने मांडलेला ठराव म्हणून त्यात सांगितले आहे की, स्त्रिया आणि मुले ट्रोझेनला पाठवावीत, वृद्ध माणसे आणि मालमत्ता सालामिसला न्यावी, २०० नौकांवर माणसे नेमावीत, त्यांतील १०० आर्टेमिसियमला पाठवाव्यात आणि १०० सालामिस व अ‍ॅटिकाच्या किनाऱ्याभोवती ठेवाव्यात. नगराबाहेर घालवलेल्यांनी सालामिसला जाऊन लोकांचा निर्णय होईपर्यंत तेथे थांबावे, असेही त्यात आहे.

अडचण अशी की, अक्षरांच्या वळणावरून हा दगड इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात कोरलेला आहे. मूळ ठरावाची ती उशिरा काढलेली प्रत आहे, की चौथ्या शतकातील देशाभिमानी अथेन्सवासीयांनी जुन्या आठवणींतून रचलेला पाठ आहे, यावर दीर्घकाळ वाद चालू आहे. आशयाचाही प्रश्न आहे. हिरोडोटसच्या वृत्तांतात थर्मोपिली पडल्यावर आणि आरमार आर्टेमिसियमहून परतल्यावर घाईघाईने अथेन्स रिकामे केले जाते, तर या ठरावात आर्टेमिसियमच्या आधीच सारी योजना शांतपणे आखलेली दिसते.

माझे मत असे, की एवढ्या मोठ्या लोकसंख्येला समुद्रापार नेणे काही दिवसांत शक्य नव्हते, त्यामुळे तयारी आर्टेमिसियमच्या आधी सुरू झाली असणार, आणि ठरावातील तो भाग खऱ्या परंपरेवर आधारलेला असू शकतो. शब्दरचना मात्र ४८० ची मानू नये. आपण तो अवश्य छापावा, पण ४८० च्या पानावर मूळ दस्तऐवज म्हणून न छापता ‘तिसऱ्या शतकात कोरलेला पाठ’ अशी नोंद त्याच ओळीत, त्याच आकाराच्या अक्षरांत द्यावी. तळटीपेत टाकली, तर ती वाचली जाणार नाही.